मांडव कोणाचा?

१८६५ च्या डिसेंबरात नागपुरात एक मोठं प्रदर्शन भरलं. मध्य प्रांत स्थापन होऊन चारच वर्षं झाली होती आणि रेल्वे नागपूरला पोहोचायला अजून वर्षाहून अधिक अवकाश होता. भोसल्यांचं खालसा झालेलं राज्य, नर्मदेकाठचे जिल्हे आणि गोंडवनाचा डोंगराळ मुलूख यांतून जुळवलेला हा नवा प्रांत मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांना एका आवारात मांडून दाखवायचा होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर होती, त्यामुळे या मांडणीमागचा व्यापारी हिशेब उघड होता. पुढच्याच हिवाळ्यात, १८६६-६७ मध्ये, जबलपूरला दुसरं प्रदर्शन भरलं. तिथं शेतमाल आणि कारागिरीच्या वस्तूंच्या बरोबरीनं माणसंही मांडली गेली. आदिवासी जमातींतली माणसं आणवली गेली, सरकारनं नेमलेल्या समितीनं त्यांना तपासलं, आणि समितीच्या छापील अहवालाच्या शीर्षकातच त्यांची नोंद 'नमुने' अशी झाली.

ही एका अधिकाऱ्याची लहर नव्हती. त्याच सुमारास कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत डॉ. जोसेफ फेअरर यांनी निरनिराळ्या मानववंशांची जिवंत माणसं कप्प्याकप्प्यांत बसवून त्यांचं प्रदर्शन भरवावं, असा प्रस्ताव मांडला होता. आणलेली माणसं वाटेत किंवा कलकत्त्यात दगावली तर काय, अशी शंका अधिकाऱ्यांमध्येच निघाली आणि तो बेत बारगळला. जबलपूरचा मात्र पार पडला. छिंदवाडा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता, आणि आजचे सौंसर-पांढुर्णा, जिथं हा लेख शेवटी पोहोचणार आहे, याच जिल्ह्याचा भाग होते.

म्हणजे या मुलखाची आणि प्रदर्शनाची ओळख दीडशे वर्षांहून जुनी आहे. ती एकतर्फी होती. मांडव सरकारनं घातला, मांडणी सरकारनं ठरवली, आणि इथली माणसं मांडलेल्या वस्तूंमध्ये मोजली गेली.

प्रदर्शनाच्या वास्तूकडे सहसा हौसेची, चार दिवसांची गोष्ट म्हणून पाहिलं जातं. प्रत्यक्षात कुठलीही राजवट स्वतःबद्दल काय समजते, हे तिच्या सचिवालयापेक्षा तिच्या मांडवात लवकर कळतं. सचिवालयाला कामकाज सांभाळायचं असतं. मांडवाला फक्त दिसायचं असतं. त्यामुळे स्वतंत्र झालेल्या देशांनी आपली ओळख जगापुढे ठेवायला प्रदर्शनाची वास्तू हाताशी धरली, यात नवल नाही. प्रश्न पुढचा आहे. मांडवाचं हे तंत्र ज्यांच्याकडून आलं, त्यांनी ते दुसऱ्यांना नमुना करण्यासाठीच घडवलेलं होतं. ते तंत्र तसंच ठेवून त्यावर आपली नक्षी चढवली, तर ओळख आपली होते का?

साम्राज्यानं 'भारतीय' म्हणून काय दाखवलं, ते १८८६ च्या लंडनमध्ये स्पष्ट दिसतं. वसाहतींच्या आणि भारताच्या त्या भव्य प्रदर्शनात पाहुण्यांचं स्वागत ग्वाल्हेरच्या कोरीव दगडी दरवाज्यानं होत होतं. मेजर कीथ यांच्या देखरेखीखाली ग्वाल्हेरच्या पाथरवटांनी घडवलेला हा दरवाजा आधी कलकत्त्याच्या प्रदर्शनात उभा होता, मग जहाजानं लंडनला गेला. दरवाज्यापलीकडे पंजाबी सुतारांनी कोरलेला दरबार हॉल होता. आणि अंगणात बसून गालिचे विणणारे, मडकी घडवणारे, कोरीवकाम करणारे हिंदी कारागीर होते. यंत्रयुगानं अजून न बिघडवलेल्या भारतीय खेड्याचं हे जिवंत दर्शन आहे, असं लंडनकरांना वाटलं.

त्या कारागिरांपैकी ३४ जण आग्र्याच्या तुरुंगातले होते. गालिचे विणणारे ते काम तुरुंगात शिकले होते आणि तुरुंगाचे अधीक्षक डॉ. टायलर यांनीच त्यांना विलायतेला नेलं होतं. बक्षीराम नावाच्या कुंभाराचं वय तर १०२ वर्षं असं सांगितलं जात होतं. राणी व्हिक्टोरियानं रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराला त्यांची व्यक्तिचित्रं काढायला सांगितली. ती ऑसबर्नच्या राजवाड्यात लागली. त्या चित्रांत माणसं माणसांसारखी दिसतात. बक्षीरामचा सुरकुतलेला चेहरा पाहणाऱ्याला थांबवतो. प्रदर्शनात मात्र तोच बक्षीराम 'भारतीय खेडं' या देखाव्याचा एक भाग होता, आणि तो खेड्यातून आलेला नसून बराकीतून आलेला होता, हे सांगण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

कोरीव दरवाजा, घुमट, आणि दरवाज्याआड हातानं काम करणारा निनावी माणूस. 'भारतीयत्वा'ची ही तीन अंगं तिथं पक्की झाली. १९२४ मध्ये वेंब्लीला भरलेल्या साम्राज्य प्रदर्शनातलं भारताचं दालनही मोगल वळणाचं, पांढरंशुभ्र आणि घुमट-मिनारांचं होतं, आणि त्याचं संकल्पन लंडनच्या चार्ल्स ॲलम यांचं होतं. पॅरिसमध्ये १९३१ साली फ्रेंचांनी अंकोरवाटची भलीमोठी प्रतिकृती उभारून इंडोचायना दाखवला. ज्याच्या देशाची ओळख उभी राहते आहे त्याला विचारावं, असं या सगळ्यात कुठेच घडत नव्हतं.

हे चित्र उलटवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न महाराष्ट्रात झाला, आणि तोही शहरात नाही. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन खानदेशातल्या फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आणि खानदेशातल्या असंख्य कार्यकर्त्यांनी ते पेललं. गांधीजींचा आग्रह होता की मांडव, प्रवेशद्वारं आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन हे सगळं आसपास मिळणाऱ्या साहित्यातून आणि गावच्या कारागिरांकडून उभं राहावं. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. आपण चित्रकार आहोत, वास्तुशिल्पी नव्हे, असं नंदलालबाबूंनी कळवलं होतं. गांधीजींनी ते ऐकलं नाही.

मग बांबू आला. खानदेशात ज्या बांबूच्या तट्ट्या कुडाला आणि गोठ्याला लागतात, त्याच तट्ट्यांची दारं-कमानी झाली. चटया, दोर, लाकूड, खादी. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैल जुंपलेल्या, सजवलेल्या रथातून निघाली. राष्ट्रीय सभेचं नगर वसवायला वेशीबाहेरचं फारसं काही आणावं लागलं नाही, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. याआधीची काँग्रेसची अधिवेशनं शहरांत, शहरी थाटात होत होती. फैजपूरला आलेल्या शेतकऱ्यानं आपल्या गोठ्यातला बांबू राष्ट्राच्या दारावर पाहिला. ते दार कोणी बांधलं हे त्याला ठाऊक होतं, कारण बांधणारे त्याच्याच भागातले होते. पुढं १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुऱ्याला नंदलालबाबूंनी अधिवेशनासाठी चित्रं रंगवली. त्या चित्रांची कीर्ती मोठी झाली, आणि फैजपूर त्यांच्यामागे झाकोळलं. खरं तर हरिपुऱ्याची वाट फैजपूरवरून जाते. त्याच १९३८ सालच्या ३० डिसेंबरला वर्ध्याला मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते उघडलं. चरखे, घाण्या, हातकागद, अशी चालती-बोलती अवजारं तिथं मांडली गेली. हे संग्रहालय आजही मगनवाडीत आहे आणि विदर्भातल्या किती जणांनी ते पाहिलं असेल, हा विचार त्रास देणारा आहे.

फैजपूरचं मोल देखणेपणापेक्षा मोठं आहे. १८६६ च्या जबलपुरात आणि १८८६ च्या लंडनमध्ये कारागीर हा बघण्याची वस्तू होता. फैजपुरात तो बांधणारा होता आणि बघणाराही. साम्राज्याच्या मांडवातली भिंत इथं पडली. नक्षी कोणती होती, घुमट होता की नव्हता, हा प्रश्नच गौण झाला.

स्वातंत्र्यानंतर सरकारकडे पैसा थोडा आणि घाई फार होती. नवा देश यंत्राचा, धरणांचा, पोलादाचा आहे, हे दाखवायचं होतं. दिल्लीतली १९६१ ची औद्योगिक जत्रा या काळाची साक्षीदार आहे. तिथं हिंदुस्थान लीव्हरसाठी चार्ल्स कोरिया यांनी चुरगळलेल्या कागदासारखं काँक्रीटचं दालन उभारलं. आत चढउतारांची वाट, वर हवा बाहेर टाकणारे झरोके. मुंबईत काम करणारा, मूळ गोव्याच्या घराण्यातला हा तरुण वास्तुशिल्पी उन्हाळ्यातल्या वाऱ्याचा विचार करत होता. त्याचे अभियंते होते महेंद्र राज.

हेच महेंद्र राज अकरा वर्षांनी दिल्लीच्या प्रगती मैदानावर वास्तुशिल्पी राज रेवाल यांच्यासोबत होते. १९७२ मध्ये स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली आणि 'एशिया ७२' हा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा ठरला. त्यासाठी बांधलेलं हॉल ऑफ नेशन्स त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उघडलं. छाटलेल्या पिरॅमिडच्या आकाराचं, मधे एकही खांब नसलेलं, त्रिकोणांच्या जाळीनं तोललेलं ते दालन होतं. असं जाळीदार छत जगात इतरत्र पोलादी नळ्यांनी जोडतात. भारतात तेवढं पोलाद परवडणारं नव्हतं. म्हणून ती सगळी जाळी काँक्रीटमध्ये, जागेवर, हातानं ओतली गेली. एकेका सांध्यात अनेक दिशांनी तिरप्या तुळया येऊन मिळतात. त्या प्रत्येक सांध्याची सळई बांधायची, साचा बसवायचा आणि मजुरांनी वर नेलेलं काँक्रीट त्यात भरायचं. कारखान्यात होणारं काम इथं मजुरांच्या हातांनी झालं. उन्हापासून आडोसा देणारी तीच जाळी भिंतही झाली.

या इमारतीवर एकही कमळ, हत्ती किंवा चक्र नव्हतं. तरी तिच्याइतकी १९७२ च्या भारताची वास्तू दुसरी सापडणं कठीण. देशाची टंचाई, देशाचं गणित आणि देशातल्या मजुरांचे हात, हे तिन्ही तिच्या आकारातच होते. परदेशात ती आहे तशी उभी राहिलीच नसती, कारण तिथं पोलाद स्वस्त आणि मजुरी महाग. ओळख यापेक्षा वेगळी काय असते?

२०१७ च्या एप्रिलमध्ये, एका रात्रीत, ती पाडली गेली. वारसा म्हणून विचार व्हायला इमारत किमान ६० वर्षांची हवी, हा निकष दिल्लीतल्या वारसा समितीनं लावला होता, आणि ती जेमतेम ४५ वर्षांची होती. जगभरातल्या संग्रहालयांनी आणि वास्तुशिल्पींनी केलेल्या विनंत्यांचा उपयोग झाला नाही. तिच्या आवारात आज भारत मंडपम आहे. २६ जुलै २०२३ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि दीड महिन्यानं जी-२० परिषद तिथंच भरली. दारात २७ फुटी नटराज आहे. तो तमिळनाडूतल्या स्वामीमलईच्या शिल्पींनी पारंपरिक पद्धतीनं ओतला आहे आणि ते काम अस्सल आहे. नटराज मोठा आहेच. तरीही त्याच्यामागची वातानुकूलित काचेची इमारत जगातल्या कुठल्याही राजधानीत शोभली असती. ओळखीचा सगळा भार दारातल्या मूर्तीवर आणि भिंतीवरच्या चित्रावर आला आहे. लंडनच्या दरवाज्याचीच ही रीत आहे: बाहेर कोरीव काम, आत कुठेही चालेल असा हॉल.

भारतानंच हे अनुभवलं असं नाही. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. तिथले राष्ट्रप्रमुख एन्क्रुमा यांनी अक्रा शहरात आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्याचं आवार काढलं. घानाचे विक ॲडेग्बिटे हे प्रमुख होते आणि त्यांच्या हाताखाली पोलंडहून आलेले वास्तुशिल्पी आराखडे करत होते. ज्या काळात आफ्रिकेत गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालीच काळा माणूस काम करी, त्या काळात ही उलटी रचना स्वातंत्र्याचाच एक पुरावा होता. १९६६ मध्ये एन्क्रुमांची सत्ता उलथली आणि पुढच्या वर्षी मेळा त्यांच्याशिवाय उघडला. लेबनॉनमधल्या त्रिपोलीत ब्राझीलच्या ऑस्कर नीमायर यांनी आखलेलं जत्रेचं विस्तीर्ण आवार १९७५ च्या यादवी युद्धात पूर्ण होता होता थांबलं. २०२३ मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारशात घेतलं. सेनेगलच्या डाकारमध्ये १९७४ चं मेळ्याचं आवार त्रिकोणांच्या लयीवर रचलेलं आहे. कवी-राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांच्या आफ्रिकी सौंदर्यविचारातून ही लय आली. आराखडे मात्र दोन फ्रेंच वास्तुशिल्पींचे होते.

इंडोनेशियाचं उदाहरण यात सर्वांत सावध करणारं आहे. १९७५ मध्ये जकार्तात 'तामान मिनी' उघडलं. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या पत्नीच्या कल्पनेतून ते आलं. देशाच्या प्रत्येक प्रांतासाठी एक पारंपरिक घर, मधे तळं, तळ्यात बेटांचा नकाशा. खर्चावरून आणि जमिनी घेतल्या जाण्यावरून विद्यार्थ्यांनी केलेला विरोध दडपला गेला. सहल म्हणून जागा छान आहे. पण तिथं एका प्रांताला एक घर, एक पोशाख, एक नाच वाट्याला येतो. त्या प्रांतात दोन भाषा असल्या, तीन जमाती असल्या, सीमेवरची सरमिसळ असली, तर त्यांना जागा नाही. डच राजवटीची वर्गवारी स्वतंत्र देशानं स्वतःच्या खर्चानं बांधून काढली.

या सगळ्या पार्श्वभूमीवर सौंसरजवळच्या जामसांवलीकडे बघायला हवं.

नागपूरहून सावनेरमार्गे सौंसरकडे निघालं, की राज्याची सीमा ओलांडल्याचं फलकांवरूनच कळतं. बोली बदलत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा हिंदी राज्याच्या कडेला उरला. घरात आणि बाजारात मराठी, सरकारी कागद हिंदीत. जामसांवलीच्या मंदिरात पिंपळाखाली मारुतीची निजलेली मूर्ती आहे. तिच्या नाभीतून पाझरणारं पाणी भाविक प्रसाद म्हणून घेतात. मंगळवारी-शनिवारी नागपूर, काटोल, कळमेश्वरकडून गाड्याच्या गाड्या येतात. तिथं पोहोचणारा माणूस कुठल्याही प्रदर्शनाला आलेला नसतो.

पण २०२३ च्या २४ ऑगस्टला या मंदिराभोवतीच्या 'श्री हनुमान लोक'चं भूमिपूजन तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या हस्ते झालं. एकूण आराखडा ३१४ कोटी रुपयांचा सांगितला गेला. पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्याची घोषणाही त्याच दौऱ्यात झाली, आणि ऑक्टोबरात सौंसर व पांढुर्णा मिळून तो जिल्हा झाला. आराखड्यात भव्य प्रवेशद्वार आहे, 'चिरंजीवी पथ' नावाचा लांब रस्ता आहे, एका प्रांगणात हनुमंताचं बालरूप आणि दुसऱ्यात भक्तिरूप शिल्पांतून मांडण्याची योजना आहे. दार, ठरवलेली वाट, क्रमानं येणारी दालनं, भिंतीवरून सांगितलेली कथा: ही रचना प्रदर्शनाची आहे. गाभाऱ्यातली श्रद्धा वेगळी आणि तिच्याभोवती सरकारनं घातलेला मांडव वेगळा. गाभाऱ्याबद्दल बोलण्याचा अधिकार भक्तांचा. मांडव मात्र सार्वजनिक पैशाचा आहे, आणि त्यावर बोललंच पाहिजे.

याचा आदर्श उज्जैनचं महाकाल लोक आहे. ११ ऑक्टोबर २०२२ ला ते खुलं झालं. २८ मे २०२३ च्या वादळात तिथल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती कोसळल्या. त्या दगडाच्या नव्हत्या, फायबरच्या होत्या. ज्या राज्यात खजुराहो आणि सांची शतकानुशतकं उभे आहेत, ज्या ग्वाल्हेरच्या पाथरवटांचा दरवाजा समुद्र ओलांडून गेला, तिथं ऋषींच्या मूर्ती साच्यात ओतून लवकर बसवाव्या लागल्या, याचं दुःख कोणत्याही भक्ताला आणि कोणत्याही कारागिराला सारखंच व्हायला हवं. त्यावर राजकीय आरोप पुष्कळ झाले. खरी खंत कारागिरीची आहे. ओळख केवळ आकारात शोधली, की साहित्य दुय्यम होतं, आणि साहित्य दुय्यम झालं की ते बनवणारा माणूस त्याहून दुय्यम होतो.

याला एक ठाम उत्तर दिलं जातं, आणि ते टाळून चालणार नाही. नक्षी, कमळ, देव ही लोकांना कळणारी भाषा आहे; काँक्रीटची जाळी ही दिल्लीच्या शिकलेल्यांची भाषा होती, म्हणूनच ती पाडली तेव्हा सामान्य माणूस रस्त्यावर आला नाही. यात तथ्य आहे. हॉल ऑफ नेशन्सवर प्रेम करणारे बहुतेक जण वास्तुशिल्पीच होते. पण फैजपूर या उत्तरात बसत नाही. तिथली भाषा शेतकऱ्याला पूर्ण कळत होती आणि तिच्यात एकही उसना घुमट नव्हता. शांघायच्या २०१० च्या जागतिक प्रदर्शनात भारताच्या दालनावर सांचीच्या स्तूपाची आठवण देणारा घुमट होता, पण तो बांबूचा, खरोखर भार पेलणारा होता. जुना आकार आणि जिवंत कारागिरी एकत्र येऊ शकतात. अट एवढीच, की बांधणाऱ्याला विचारलं गेलं पाहिजे आणि त्याचं नाव राहिलं पाहिजे.

मध्य प्रदेशालाच हे एकदा जमलं आहे. १३ फेब्रुवारी १९८२ ला भोपाळला तळ्याकाठी भारत भवन उघडलं. वास्तू कोरियांची, उतारावर खाली उतरत जाणाऱ्या अंगणांची, दुरून जवळजवळ न दिसणारी. भवनातल्या संग्रहासाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी खेड्यापाड्यांत माणसं पाठवून आदिवासी कलावंत शोधले. पाटणगढचा जनगढसिंह श्याम हा गोंड तरुण त्यातूनच पुढं आला. त्याच्या आधी घराच्या भिंतीवर राहणारी, देवाच्या गाण्यांत असणारी ही कला कागदावर त्याच्या हातानं उतरली, आणि त्याच्या नावानं ओळखली गेली. १९८९ मध्ये पॅरिसमधल्या गाजलेल्या प्रदर्शनात तो कलावंत म्हणून होता. १८६६ च्या जबलपुरातल्या 'नमुन्या'पासून इथवरचं अंतर शंभर-सव्वाशे वर्षांत कापलं गेलं, हा या राज्याचा मोठा मान आहे. पुढं २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना जनगढनं आयुष्य संपवलं. कलावंताला मांडवात बोलावणं पुरेसं नसतं, त्याची काळजीही घ्यावी लागते, हे त्या मृत्यूनं दाखवलं.

आणि छिंदवाड्यातच एक संग्रहालय आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेलं, १९९७ पासून बादल भोई यांचं नाव असलेलं आदिवासी संग्रहालय. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच्या नव्या रूपाचं लोकार्पण झालं. बादल भोई परासिया भागातले. १९२३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली हजारो आदिवासी जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्यावर गेले. २१ ऑगस्ट १९३० ला जंगल कायदा मोडल्याबद्दल त्यांना अटक झाली ती सौंसर तालुक्यातल्या रामाकोन्यात. तिथून त्यांना चांद्याच्या तुरुंगात पाठवलं. १९४० मध्ये ते तुरुंगातच वारले. त्यांना विष दिलं, असं इथं सांगितलं जातं.

हा इतिहास जामसांवलीच्या अंगणातला आहे. त्याच्याही आधी देवगडच्या गोंड राजांचा काळ येतो. देवगडचा बख्त बुलंद शाह यानं १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं. म्हणजे ज्या नागपूरकडून भाविक येतात, ते शहर छिंदवाड्याच्या डोंगरावरून खाली उतरलेलं आहे. मग भोसल्यांचे वाडे, त्यांतलं सागवानी कोरीवकाम, नागपूरच्या चितार ओळीतले कारागीर. सातपुड्यातल्या कोरकूंच्या सागवानी स्मृतिफळ्या, ज्यांना ते मुंडा म्हणतात. त्यांवर घोडेस्वार, चंद्र-सूर्य कोरलेले असतात. पांढुर्ण्याची संत्री, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीतली गोटमार. आराखडा जाहीर झाला तेव्हा प्रवेशद्वार मराठी मुलखाच्या वास्तुशैलीवर बेतल्याचं सांगितलं गेलं, याचं कौतुकच करायला हवं. हिंदी राज्याच्या सरकारनं मराठी पट्ट्याची दखल दारावर घेतली. पण एक दार मराठी करून त्यापलीकडचं सगळं उज्जैनसारखं ठेवलं, तर तामान मिनीतलं एका प्रांताला एक घर आणि हे दार यांत फरक राहणार नाही. मराठी, गोंड, कोरकू, हिंदी अशी सरमिसळ हीच सौंसर-पांढुर्ण्याची खरी ओळख आहे, आणि ती एका कमानीत मावत नाही.

काम टप्प्याटप्प्यानं होणार आहे. पहिल्या टप्प्यासाठी सुमारे ३५ कोटी रुपये ठरले होते, म्हणजे बदलायला जागा होती आणि अजूनही असू शकते. प्रांगणांतली शिल्पं सातपुड्याच्या काळ्या दगडात घडवता येतील. वादळात ती पडणार नाहीत. सावलीचे मांडव जिल्ह्यातल्या बांबूचे आणि सागाचे करता येतील, आणि ते कोरायला कोरकू, गोंड आणि नागपूरच्या कारागिरांना मजूर म्हणून न बोलावता नावानं बोलावता येईल. प्रत्येक शिल्पाखाली घडवणाऱ्याचं नाव आणि गाव कोरायला फार खर्च लागत नाही. नव्या भारतातल्या बहुतेक भव्य आवारांत उद्घाटन करणाऱ्याचं नाव सापडतं, घडवणाऱ्याचं सापडत नाही. आराखडा सौंसरच्या ग्रामसभांपुढे आणि मंदिराच्या भाविकांपुढे मांडला गेला, तर आक्षेप निघतील, वेळ जाईल. फैजपूरलाही वेळ गेला होता.

हनुमंताच्या कथेत वनवासी आहेत, वानर आहेत, जंगल आहे. चिरंजीवी पथावर त्या कथेशेजारी याच जंगलासाठी रामाकोन्यात पकडल्या गेलेल्या माणसाची कथा आली, तर कोणत्या भक्ताला ती परकी वाटेल? फलक हिंदीबरोबर मराठीत आणि गोंडीत लावावेत, ही तर अगदी लहान मागणी आहे. नागपूरहून येणारी आजी आणि तामियाकडून येणारा गोंड म्हातारा आपल्या भाषेत वाचू किंवा वाचून घेऊ शकतील. त्याला नवा निधी लागत नाही, निविदा बदलावी लागत नाही; भोपाळच्या एखाद्या कार्यालयातून निघालेला एक आदेश त्यासाठी पुरतो.